पहिली फडकी

मी एक करारचिठ्ठी. बोलतेय खरी, पण बोलायची मला सवय नाही. माझं काम गप्प बसायचं. दोन माणसांचं नीट चाललेलं असतं तेव्हा मला कुणी विचारत नाही. त्यांची तोंडं फिरली की मात्र मला पेटीतून काढतात, घडी उलगडतात आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, जसं काही भांडण मीच लावलं.

माझा जन्म शहाद्याच्या एका दुकानातल्या साध्या वहीत झाला. ती वही रुक्मिणी नावाच्या मुलीनं घेतली. ती तेव्हा मराठी चौथीत होती. पहिल्या अकरा पानांवर तिनं त्रैराशिकं सोडवली, बाराव्यावर एक निबंध सुरू केला आणि तो अर्धा असतानाच तिची सोयरीक जमली. निबंध तिथंच राहिला. मी त्याच्या पुढचं कोरं पान.

लग्नात तिच्या पेटीत पातळांच्या खाली ती वही आली. सासरी वही कशाला, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. कुणी विचारलंच नाही. नव्या सुनेच्या पेटीत लोक दागिने बघतात, वह्या बघत नाहीत.

तिचा नवरा उखा नंदुरबारच्या रंगाऱ्यांच्या गल्लीत राहायचा. लाकडाचे ठसे कोरायचे आणि त्या ठशांनी बायकांच्या फडक्या छापायच्या, हा त्याचा धंदा. फडकी म्हणजे डोक्यावरून अंगावर घ्यायचं छापील वस्त्र. डोंगरातल्या बायका बाजाराला आल्या की लांबून आधी त्यांच्या फडक्याच दिसायच्या. उखा कुणाच्या पेढीवर नोकर नव्हता. ज्याचं काम येईल त्याच्यासाठी नक्षी काढायची, ठसा कोरायचा, कापड छापून द्यायचं आणि पुन्हा मोकळं व्हायचं. नक्षी त्याला बसल्या बसल्या सुचायची. फक्त ‘नाही’ हा शब्द काही केल्या सुचायचा नाही.

लग्नाला दोन महिने झाले नसतील, तोच धानोऱ्याहून हिलालनाना आले. त्यांचं बाजारात कापडाचं दुकान. त्यांना फडकीसाठी पोपटाचा ठसा हवा होता. कसा पोपट, कधीपर्यंत, काही ठरलं नाही. ‘तुझ्या मनाला येईल तसा कर,’ एवढं सांगून ते चहा पिऊन गेले. मी पेटीत होते, पण पेटी ओसरीला लागूनच होती. मला सगळं ऐकू यायचं.

उखानं पोपट कोरला. नानांनी तो घरी नेला. नानांच्या आईला तो कावळा वाटला. उखानं ठशाचा वरचा थर रंधा मारून काढला आणि पुन्हा कोरला. मग नानांच्या मेहुण्याला मान लांब वाटली. पुन्हा रंधा. मग पोपट डावीकडे बघतो ते अशुभ, असं कुणीतरी म्हणालं. मग नानांनाच वाटलं की पोपटापेक्षा मोर बरा, आणि मोर झाल्यावर वाटलं की पोपटच बरा होता. प्रत्येक वेळी उखा मान हलवायचा आणि रंधा हातात घ्यायचा. ठसा आधी पोळपाटाएवढा जाड होता, तो भाकरीएवढा उरला. शेवटी तो मधोमध तडकला.

तोवर दसरा उलटून गेला होता. नाना म्हणाले, मी दसऱ्याच्या आत सांगितलं होतं. उखा म्हणाला, असं काही बोलणं झालं नव्हतं. दोघंही खोटं बोलत नव्हते. एकानं मनात धरलं होतं, दुसऱ्यानं ते ऐकलं नव्हतं. पण बाजारात बोलणाऱ्याचं चालतं. उखाचा हात जड झालाय, मुदत पाळत नाही, असं नाना दुकानात बसून चार जणांना म्हणाले आणि कार्तिकात येणारी दोन कामं दुसऱ्याच्या ओसरीवर गेली.

रुक्मिणी या घरात फार बोलायची नाही. पण त्या दिवशी जेवताना तिनं नवऱ्याला विचारलं, की वाण्याकडून मीठ आणलं तरी तो लिहून ठेवतो, मग तुमच्या हातातून दोन महिने गेले ते कुठं लिहिलेत? उखा म्हणाला, ओळखीच्या माणसाकडे कागद कसा मागायचा? ती म्हणाली, अनोळखी माणूस तुमच्याकडे येतो कधी?

मग नाना परत आलेच. दुसऱ्या कुणाचा हात उखासारखा चालत नाही, हे त्यांनाही कळलं होतं. या वेळी त्यांना नवीन काहीतरी हवं होतं. डोंगरातल्या बायका बघताक्षणी हात घालतील असं. उखानं चार दिवस मागून घेतले.

त्या आठवड्यात उखा आणि रुक्मिणी धानोऱ्याच्या बाजाराला गेली. रुक्मिणीनं वही बरोबर घेतली होती. तिथं दिवलीबाई डिंक विकायला बसली होती. ती पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची भिलीण. उखाकडून दरवर्षी एक फडकी घ्यायची, म्हणून ओळख. डिंक मोजताना तिचा हात पुढे आला आणि उखा बघत राहिला. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. ठिपक्यांच्या दोन ओळी, मध्ये फांद्या फुटत गेलेली एक रेघ, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला छोटा डोळा. तिच्या आईच्या हातावर तेच होतं, आजीच्या हातावर तेच. त्यांच्या घरातल्या बायकांचीच ती नक्षी.

उखानं विचारलं, काढून घेऊ का? दिवलीबाई हसली. म्हणाली, कातडं सोलून नेणार असशील तर नको. मग म्हणाली, मला काय देशील? होळीनंतर तिच्या मुलीचं, सोमीचं, लग्न होतं. उखा म्हणाला, ठसा झाला की त्यावरची पहिली फडकी तुझ्या सोमीला. कबूल, असं म्हणून दिवलीबाईनं हात गुडघ्यावर पसरून ठेवला आणि गिऱ्हाइकांना दुसऱ्या हातानं डिंक देत राहिली. उखानं माझ्या शेजारच्या पानावर नक्षी उतरवली. वाऱ्यानं पान उडू नये म्हणून रुक्मिणीनं दोन्ही हातांनी वही धरली होती. म्हणजे बोलणं झालं तेव्हा तीही तिथंच होती. मीही होते.

पुढच्या सोमवारी नाना नक्षी बघायला आले. नुसते पुन्हा पुन्हा बघत राहिले. हे चांगलं लक्षण होतं. तेव्हा आतून रुक्मिणी आली, तिनं वहीतून मला फाडून काढलं आणि उखासमोर ठेवलं. बोरूनं लिहून झालं होतं, खाली सह्यांपुरती जागा होती. नानांना समजायला जरा वेळ लागला.

“उखा, मन्हा बाप आनि तुन्हा बाप जबानवर चालनात,” ते म्हणाले. “आते तू माले कागद दखाडस?”

उखानं मान खाली घातली. दाराशी उभी राहून रुक्मिणी म्हणाली, “नाना, त्यासना येळले पोपटनी मान सात येळा नही बदलनी.”

नानांना हसू आलं. त्या हसण्यावर माझं नशीब ठरलं.

माझ्यावर लिहिलं होतं ते असं. नक्षी एकदा दाखवली जाईल. तीत दोन वेळा बदल सांगता येतील, तिसरा बदल म्हणजे नवं काम. ठसा माघ संपायच्या आत तयार होईल. ठसा उखाच्या घरी राहील. एवढं वाचून झाल्यावर नाना म्हणाले, मग माझंही एक लिहा. ही नक्षी दुसऱ्या कुणाला छापून द्यायची नाही, तीन वर्षं. मोडलं तर ठसा माझा.

रुक्मिणीनं दौत ओढली. तिला वाटलं, आपण लिहिलेला कागद कुणाला पोरखेळ वाटता कामा नये. म्हणून नानांनी सांगितलं त्याहून ठाशीव तिनं लिहिलं: ‘सदर नक्षी अन्य कोणासही, एक नगसुद्धा, छापून देणार नाही.’ अक्षर सुरेख होतं. एकही खाडाखोड नव्हती.

मला तेव्हा बोलता आलं असतं तर मी बोलले असते. नसते कदाचित. कोऱ्या कागदावर पहिल्यांदा एवढं कुणी लिहीत होतं, मीही फुगले होते. पोपटाच्या भीतीनं जे जे सुचलं ते सगळं तिनं लिहिलं. जे कबूल केलं होतं ते लिहायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. उखाच्याही नाही. दिवलीबाईला दिलेला शब्द त्या दोघांना इतका पक्का वाटत होता की तो कागदावर असायला हवा, असं वाटलंच नाही.

नानांनी मोडीत लफ्फेदार सही केली. उखानं आपलं नाव बालबोधीत काढलं. रुक्मिणी नक्कल करून द्यायला निघाली तेव्हा नाना म्हणाले, मला कागद लागत नाही, माझ्या लक्षात राहतं. आणि राहिलं.

पुढचे दोन महिने मी सुखात होते. नानांनी दोन बदल सांगितले, उखानं केले. तिसऱ्यांदा नानांच्या आईला त्या डोळ्यांच्या जागी फुलं हवी होती. रुक्मिणीनं मला ओसरीवर आणून चहाच्या पेल्याखाली ठेवलं. नाना पेला उचलून चहा प्यायले आणि फुलांचं नाव काढलं नाही. उखा पहिल्यांदाच एक ठसा एकदाच कोरून उठला. जेवायला वेळेवर आला. शिसवी लाकडावर दिवलीबाईचा हात उमटला होता.

माघात नानांकडून कापडाचे तागे आले. रंग पक्का बसावा म्हणून रुक्मिणीनं ते हरड्याच्या पाण्यातून काढून वाळवले. दुसऱ्या दिवशी छापायला बसायचं, म्हणून काळा रंग भिजवून ठेवला. त्याच दुपारी दिवलीबाई दारात आली. डोंगरातून चालत आली होती, बरोबर सोमी होती. दोघींनी अंगणात पाय धुतले. लग्न ठरल्या दिवशीच आहे, फडकी न्यायला आलेय, म्हणाली. पाड्यावर सगळ्यांना सांगून झालं होतं की आमच्या हातावरचं नंदुरबारच्या रंगाऱ्यानं लाकडावर घेतलंय, आणि पहिलं आमच्या पोरीच्या अंगावर येणार.

उखानं बायकोकडे बघितलं. बायकोनं त्याच्याकडे. मग दोघांनी माझ्याकडे.

रुक्मिणीनं मला वाचून दाखवलं. ‘एक नगसुद्धा’ या शब्दांशी तिचा आवाज घसरला. मग तिनं घाईघाईनं सांगितलं, की नानांच्या दुकानात फडक्या आल्या की त्यातली पहिली आम्ही पैसे टाकून घेऊ आणि तुझ्या घरी पोचती करू.

दिवलीबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. “आमनाच हात आमीन दुकानमाईन इकत लिन्हा, असं म्हनतीन लोके,” ती म्हणाली. मग खरोखर न कळून विचारावं तसं तिनं विचारलं, “मन्हा हातवरलं त्या कागदनं कसं व्हयनं, माय?”

तिच्या हातावरचं माझं कसं झालं, याचं उत्तर माझ्यावर नव्हतं. मी वरपासून खालपर्यंत शोधलं.

सोमी एवढा वेळ ठशाकडे बघत होती. तिच्या हातावरही तेच होतं, अजून ताजं, गडद हिरवं. तिनं हात फडकीखाली ओढून घेतला. दोघी पाणीसुद्धा न पिता निघाल्या. गल्लीच्या टोकाशी रुक्मिणीनं त्यांना गाठलं आणि चार दिवसांनी या, असं सांगितलं. काय करणार ते तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी छपाई झाली नाही. बैलगाडी करून दोघं मला घेऊन धानोऱ्याला गेली. उखानं सगळं सांगितलं. फक्त एक फडकी, नाना. नाना गादीवर बसून ऐकत होते. ते वाईट माणूस नव्हते. पण त्या सोमवारी आपल्याला सुनेसारख्या पोरीनं कागद दाखवला, हे त्यांनी गिळलं होतं, पचवलं नव्हतं. शिवाय त्यांची भीतीही खोटी नव्हती. पाड्यावर एक फडकी फुकट गेली की दुसरी कोण विकत घेईल?

“दिवलीनं नाव कोठे शे यामा?” ते म्हणाले. “वाची दखाड, सुनबाई.”

रुक्मिणीनं वाचलं. तिचंच अक्षर, तिलाच वाचता वाचता जड जात होतं. नाव कुठंच नव्हतं. तिनं विचारलं, आता खाली एक ओळ वाढवली तर? जागा आहे.

“कागद माले नको व्हता,” नाना म्हणाले. “तुम्हीनच लिखा. आते पाळा.”

बैलगाडी परतीला लागली. मी रुक्मिणीच्या मुठीत होते, घामानं भिजत. मग उखा म्हणाला, “आपीनच कागद मोडा, ते उद्या आपला कागदवर कोन अंगठा दी?” खरं होतं ते. ज्या कागदानं त्याला पोपटापासून वाचवलं, तो त्यानंच मोडला, तर पुन्हा कुणासमोर कागद ठेवायला त्याला तोंड राहणार नव्हतं. आणि तो मोडला नाही, तर दिवलीबाईला तोंड दाखवायला जागा नव्हती.

रुक्मिणी म्हणाली, शब्द आधी दिला, कागद नंतर झाला. चूक लिहिणारीची आहे. भरायचं ते कागदात लिहिल्याप्रमाणे भरू. ठसा देऊन टाकू.

उखा बोटांवर दिवस मोजायला लागला. दोन महिन्यांचं काम होतं ते. शिसवाचा तसला तुकडा पुन्हा मिळणार नव्हता, आणि तसली नक्षी तर नाहीच. घरी येऊन तो ठशावरून अंगठा फिरवत बसला. मला वाटलं, हा आता मलाच फाडील. त्यानं मला नीट घडी घालून वहीत ठेवलं.

पहाटे रुक्मिणीनं लग्नातलं एक कोरं लुगडं फाडलं. नानांच्या ताग्याला हात लावला नाही. ती कापड ताणून धरायची, उखा ठसा रंगात बुडवायचा, टेकवायचा आणि मुठीनं ठोकायचा. पहाटेपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत एकच फडकी. इतक्या सावकाश त्यानं कधी छापलं नव्हतं. शेवटचा छाप उठला तेव्हा त्यानं ठसा स्वच्छ धुतला, तेलाचा हात दिला आणि एका जुन्या कापडात बांधला.

नानांना कुणाकडून कळण्याआधी दोघं पुन्हा धानोऱ्याला गेली. ठसा आणि मी, दोन्ही नानांपुढे ठेवलं. कोरे तागे परत केले. नानांना हे अपेक्षित नव्हतं. भांडायची तयारी करून बसलेल्या माणसासमोर कुणी हात जोडून उभं राहिलं, की त्याला हात कुठं ठेवावे कळत नाही. ते काही वेळ ठशाची गाठ सोडत-बांधत राहिले. मग त्यांनीच लेखणी मागितली आणि माझ्या तळाशी लिहिलं: ‘ठसा पोचला.’ खाली सही. जबानीवर चालणाऱ्या बापाचा मुलगा आता पावती देत होता. रुक्मिणीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते हसू नव्हतं.

ठरल्या दिवशी दिवलीबाई आली. तिनं फडकी उन्हात धरली, आपला हात शेजारी ठेवला आणि ठिपके मोजायला लागली. उखा तिच्या बोटामागून नजर फिरवत होता.

“एक टिपका कमी शे,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “ऱ्हाऊ दे. तो मन्हाजोडे ऱ्हाऊ दे.”

घडी करून तिनं ती डोक्यावर ठेवली आणि गेली. ठशाचं काय झालं, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

त्या वर्षी नानांनी दुसऱ्या रंगाऱ्याकडून हजारावर फडक्या छापून घेतल्या. घाईत, फिकट, डोळे पुसट. तरी विकल्या गेल्या. उखा स्वतःचा कागद पाळत नाही, ही गोष्ट बाजारात पोपटाच्या गोष्टीपेक्षा लांब गेली. दोन वर्षं तो दुसऱ्यांच्या ओसरीवर रोजानं कापड धूत होता. रुक्मिणीनं त्याला कधी विचारलं नाही की आपण बरोबर केलं का. त्यानंही विचारलं नाही. तसं विचारायची सोय त्या घरात राहिली नव्हती.

आता मी बारा वर्षांची आहे. घडीवर फाटलेय, एका कोपऱ्याला हरड्याचा पिवळा डाग आहे. उखाकडे हळूहळू कामं आली. माझ्यानंतर त्या घरात पुष्कळ करारचिठ्ठ्या झाल्या. बदल किती, मुदत किती, ठसा कुणाचा, सगळं त्यांच्यात असतं. पण त्यांची सुरुवात माझ्यासारखी होत नाही. रुक्मिणी वर पहिल्या ओळीत लिहिते, नक्षी कुणापासून घेतली आणि त्या माणसाला काय कबूल केलं. गिऱ्हाईक हसतं. म्हणतं, याचा माझ्याशी काय संबंध? दोघे-तिघे तेवढ्यावरून उठून गेले. ती जाऊ देते.

माझा आता काही उपयोग नाही. मी पुरी झालेली, मोडलेली आणि पावती झालेली चिठ्ठी. पण तुम्ही कुणी हातानं काही घडवून देत असाल, तर माझं एक ऐका. ओळखीच्या माणसाशीसुद्धा लिहून घ्यायला लाजू नका; न लिहिल्यानं ओळखी तुटताना मी पाहिल्यात. आणि लिहून झालं की लगेच सही करू नका. ज्याचं काही घेऊन हे काम उभं राहतंय, त्याला बोलावून समोर बसवा. तो कागद त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. वाचताना कागदाकडे नको, त्याच्याकडे बघा. तो काही बोलला, तर ते लिहा. मग सही करा.